देव न मानणाऱ्याच्या हाती किल्ल्या

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जा, मी रागावणार नाही.

ऑफिसात अकाउंटंटच्या जागेसाठी मुलाखती होत्या. पॅनलवर आम्ही चौघं. एक मुलगा आला, कामात पक्का, आधीच्या ठिकाणचे कागद चोख, बोलणं नीटनेटकं. सगळं झाल्यावर आमच्यातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी सहज विचारावं तसं विचारलं, "देवाधर्माचं काही करता की नाही?" तो म्हणाला, "नाही सर, मी मानत नाही." उद्धटपणे नाही, विचारलं म्हणून सांगितलं. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच हे म्हणतात, "ज्याला वरच्याची भीती नाही, त्याच्या हातात किल्ल्या कशा द्यायच्या?" बाकीचे दोघे हसले आणि मुलाच्या नावापुढे फुली पडली. मी भांडले. एकाविरुद्ध तीन, काय होणार?

मला सांगा, त्या मुलाने "रोज करतो सर" अशी थाप मारली असती तर नोकरी खिशात होती. खरं बोलला म्हणून बेभरवशाचा ठरला! यातला विनोद त्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरला नाही.

रोग जुनाच आहे म्हणा. जॉन लॉक, इंग्रज तत्त्वज्ञ, सहिष्णुतेचा एवढा मोठा कैवारी, त्याने १६८९ साली लिहून ठेवलंय की नास्तिकांना मात्र सहन करायचं नाही, कारण वचन, करार, शपथ यांचं बंधन त्यांच्यावर चालत नाही. त्यानंतर दोनशे वर्षांनी चार्ल्स ब्रॅडलॉचे काय हाल केले बघा. १८८० साली ब्रिटिश पार्लमेंटवर रीतसर निवडून आलेला माणूस. देवाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला, तर नाही. बरं, मग शपथ घेतो म्हणाला, तर म्हणे तू नास्तिक, तुझ्या शपथेला किंमत काय! एक रात्र पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत काढली त्याने. मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिला, तेव्हा कुठे १८८६ साली आत बसू दिलं. आणि २०१७ साली तेरा देशांत झालेल्या एका अभ्यासात काय दिसलं? एका क्रूर माणसाचं वर्णन ऐकवलं की लोकांच्या मनात आपोआप येतं, हा नास्तिक असणार. स्वतः देव न मानणाऱ्यांच्याही मनात तेच येतं! म्हणजे आमच्या पॅनलवरच्या त्या गृहस्थांना एकट्याला कशाला बोल लावू?

पण लावणार. कारण मी माझ्या काकाला पाहिलंय.

काका म्हणजे घरातला सगळ्यात धार्मिक माणूस. पहाटे उठून दीड-दोन तास जप, हातातली माळ दिवसभर सुटायची नाही, बोलताबोलताही बोटं मणी ओढत असायची. गावभर मान. त्याच काकाने आमच्या आत्याकडून, नवरा गेल्यावर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, घरातला वाटा सोडल्याच्या कागदावर अंगठा घेतला. "फक्त कारकुनी काम आहे गं" म्हणून. मी तिथे होते, लहान होते, पण एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. टेबलावर शाईचं पॅड उघडलं तेव्हा शेजारी काकाची माळ होती. काकाने ती डाव्या हाताने उचलली, डोळ्यांना लावली आणि लांब ठेवली. माळेला शाई लागू नये म्हणून. मग त्याच हाताने आत्याचा अंगठा धरला.

वरच्याची भीती? त्या क्षणी वरचा काय टेबलाखाली बसला होता?

आता मला माहितेय, लगेच कुणीतरी लिहिणार की "तुझा काका खरा धार्मिक नव्हताच." हे मला सगळ्यात जास्त चीड आणतं. चांगलं वागला की धर्मामुळे, वाईट वागला की तो खरा धार्मिकच नव्हता! असा हिशेब आमच्या ऑफिसात एखाद्या अकाउंटंटने मांडला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. नफा धर्माच्या खात्यात, तोटा माणसाच्या नावावर. काका मनापासून धार्मिक होता. ढोंगी नव्हता. एकटा असतानाही जप करायचा, आजारपणातही करायचा. मला तर वाटतं ढोंगी असता तर बरं झालं असतं, निदान थोडा घाबरला असता.

ज्यांना प्रयोगाबियोगाशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी एक. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या, पुढे पाद्री होऊ घातलेल्या पोरांवर प्रयोग केला, तो १९७३ साली छापून आला. शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं. काहींना विषय दिला बायबलमधल्या दयाळू शोमरोनीचा, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याचा. बाकीच्यांना भलताच विषय. वाटेत एका दाराशी एक माणूस खाली मान घालून खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. काय झालं? भाषणाचा विषय कोणता होता याने काही खास फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळ" म्हणून सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. दयेवर भाषण द्यायला निघालेले काही महाभाग तर त्या माणसाला ओलांडून गेले! चाळीस पोरांचाच प्रयोग होता, लहान होता, कबूल. पण ओलांडून गेले हो.

वरून कीर्तन आतून तमाशा असंही नाही हे. ती पोरं काही वाईट नव्हती. त्यांच्या श्रद्धेचा आणि त्या दाराशी बसलेल्या माणसाचा संबंध त्या क्षणी जुळला नाही, एवढंच. माळेचा आणि अंगठ्याचाही नाही जुळला.

आणि हे एकेकट्या माणसाचं झालं. समाजाचं बघायचं तर अमेरिकेतली गुलामगिरी बघा. १६८८ साली, जेव्हा गुलामगिरीविरुद्ध बोलणारं जवळजवळ कोणी नव्हतं, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या मूठभर क्वेकरांनी, म्हणजे एका छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, लेखी निषेध नोंदवला. कशाच्या आधारावर? बायबलच्या. दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागावं, या एका वचनावर. आणि १८४५ साली दक्षिणेतले बॅप्टिस्ट, हाही ख्रिस्ती पंथच, वेगळे होऊन त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. का? तर गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवायला उत्तरेकडचे तयार नव्हते. यांच्याही हातात बायबलच. त्याच संघटनेने माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षं! देव एक, पुस्तक एक, आणि एकाला त्यात बेडी तोडायची आज्ञा दिसली, दुसऱ्याला बेडी घालायचा परवाना.

रवांडाबद्दल लिहायला नको असं वाटत होतं, पण लिहिते. आफ्रिकेतला देश, १९९४ साली तिथे हुतू टोळ्यांनी तुत्सी लोकांचं शिरकाण केलं. देश बहुतांश ख्रिस्ती. मारेकरी मागे लागले तेव्हा लोक जीव मुठीत धरून चर्चमध्ये पळाले, कारण देवाच्या घरात कोण मारणार? न्यांगे नावाच्या गावात चर्चमध्ये दीड-दोन हजार माणसं कोंडलेली होती. ते चर्च बुलडोझरने पाडलं, आत माणसं असताना. त्यात तिथल्या धर्मगुरूचाच हात होता, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला २००८ साली जन्मठेप दिली. रविवारी ज्यांना स्वतःच्या हाताने प्रसाद दिला असेल त्यांच्यावर छप्पर पाडताना त्या माणसाला वरच्याची भीती वाटली नसेल? त्याचं तर आयुष्यच वरच्याच्या नोकरीत गेलं होतं!

हो, स्टॅलिन. लिहू नका, मीच लिहिते. सोव्हिएत राज्याने देव हद्दपार केला आणि माणसं किड्यामुंगीसारखी मारली. अल्बानियाने १९६७ साली स्वतःला निरीश्वरवादी देश म्हणून जाहीर केलं आणि लोकांना नरकच दाखवला. देव काढला की माणूस आपोआप शहाणा होतो असं मी कधीच म्हटलेलं नाही. ज्यांना ते म्हणायचंय त्यांनी त्यांच्या भिंतीवर म्हणावं.

आणि डेन्मार्क, स्वीडन? चर्चमध्ये नियमित जाणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, तरी डेन्मार्क देशोदेशीचा भ्रष्टाचार जोखणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या यादीत वर्षानुवर्षं सगळ्यात स्वच्छ देशांत. यावर माझा एक धार्मिक मित्र म्हणतो, ती शेकडो वर्षांच्या लुथरी, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या, संस्कारांची पुण्याई. असेलही थोडी. पण मग त्याच पुण्याईवर बाकीचे देश का नाही तरले? मला तर कारण साधं वाटतं. तिथे कोर्ट चालतं, हिशेब उघडे असतात, आजारी पडलं तर सरकार बघतं. माणसाला लबाडी करायची गरजही कमी आणि संधीही कमी.

आणि खरं सांगू? हे आमच्या पॅनलवरच्या गृहस्थांनाही मनातून पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे प्रत्येक चेकवर दोन सह्या लागतात. तिजोरीच्या डोक्यावर कॅमेरा आहे. दरवर्षी बाहेरचा ऑडिटर येतो. वरच्यावर एवढा भरवसा आहे तर दुसरी सही कोणाची घेता? घ्या ना एकच, भक्ताची!

जरा पाणी पिऊन आले. राग थोडा उतरलाय, म्हणून आता ती गोष्ट लिहिते जी माझ्या मुद्द्याला सोयीची नाही.

काकाच्या शेवटच्या आजारपणात त्याची मुलं परदेशात होती, पैसे पाठवत होती. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाचं सगळं, अगदी सगळं, आत्याने केलं. त्याच आत्याने. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, चादरी. त्याची बोटं चालेनाशी झाली तेव्हा ती त्याची माळ त्याच्या हातात द्यायची आणि एकेक मणी स्वतः पुढे सरकवायची. मी चिडून विचारलं, कशासाठी करतेस हे? ती म्हणाली, "दादानं केलं ते दादापाशी. मला वर गेल्यावर तोंड दाखवायचंय."

घ्या. वरच्याची भीती. आमच्या गृहस्थांचंच वाक्य, आणि आत्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं.

या वाक्याने मला पुष्कळ छळलंय. बहीण-भाऊ एका घरात वाढले, एकच देव, एकच प्रार्थना, एकाच आईने शिकवलेली. त्या प्रार्थनेतून एकाला अंगठा घ्यायचा धीर मिळाला आणि दुसरीला तो अंगठा विसरायचा. काकाला शांत झोप लागायची हे मी पाहिलंय. "देवाच्या मनात होतं म्हणून घर माझ्याकडे आलं" असं तो चारचौघांत सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा खरोखर समाधानी असायचा. आता तुम्हीच सांगा, हे देवाशिवाय जमलं असतं का त्याला? एखाद्या साध्या चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं. धर्म माणसाला चांगला करत नाही, वाईटही करत नाही. जे करायला त्याचं मन आधीच तयार झालेलं असतं, ते करायचा धीर देतो. न्यांगेच्या धर्मगुरूला दिला. जर्मनटाउनच्या क्वेकरांनाही दिला.

आणि ल शांबों-सूर-लिन्योंच्या लोकांना दिला. दक्षिण फ्रान्समधलं डोंगरातलं गाव. नाझींच्या काळात त्या गावाने आणि आजूबाजूच्या वाड्यांनी हजारो निर्वासित लपवले, त्यांत बहुतेक ज्यू. आंद्रे त्रोक्मे नावाचे पाद्री त्यांचे पुढारी. पकडले गेले तर जिवावर बेतायची भीती, तरी शेतकऱ्यांनी पोरं घरात ठेवून घेतली. ही मंडळी ह्युगनॉट, म्हणजे फ्रान्समध्ये धर्मापायी पिढ्यानपिढ्या छळ सोसलेले प्रोटेस्टंट. मला वाटतं खरी गोम इथे आहे. पळणं काय असतं, दार वाजलं की पोटात कसा गोळा येतो, हे त्यांच्या घराघरातून सांगितलं गेलं होतं. त्या काळात युरोपभर लाखो माणसं तेच बायबल वाचत होती आणि खिडक्या लावून घेत होती.

आत्याचंही तसंच असावं, असं माझं मत. तिला लुबाडलं जाणं माहीत होतं, एकटं पडणं माहीत होतं, म्हणून अंथरुणावर एकट्या पडलेल्या माणसाकडे पाठ फिरवणं तिला जमलं नाही. देव नसता तरी तिने केलं असतं.

हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती मान हलवून म्हणाली, "नाही गं. देव नसता तर मी त्याच्या तोंडात पाणीसुद्धा घातलं नसतं."

बोला आता! तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. तुमच्याशी आहे. कमेंट खुल्या आहेत, फक्त "खरा धार्मिक नव्हता" हे वाक्य लिहिणाऱ्याला उत्तर मिळणार नाही.