लेन्स बसवायला शिकवतं कोण?

आज डोकं तापलंय. शांत झाले की लिहिणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

विभागातल्या एका ज्युनियर शिक्षिकेची आज बढतीची मुलाखत होती. कॉन्टॅक्ट लेन्सचं सगळं प्रॅक्टिकल तिच्याच खांद्यावर आहे. तिला काय विचारलं, तर शोधनिबंध किती, कुठल्या जर्नलमध्ये, निधी किती आणला. झालं, संपली मुलाखत. किती मुलांचे हात तिने तयार केले, हे लिहायला त्या फॉर्ममध्ये जागाच नाही. बाहेर येऊन मला म्हणते, "मॅडम, क्लिनिकमध्ये उभी राहिले तो वेळ फुकट गेला का हो माझा?"

काय सांगणार तिला?

मला माझ्या मॅडम आठवल्या. शेवटच्या वर्षाला होते. केराटोकोनसचा पेशंट, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होऊन टोकदार झालेला. त्याला आरजीपी लेन्सची, म्हणजे ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या कडक लेन्सची, ट्रायल. मॅडमनी फ्लुओरेसिन (निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा रंग) लावलं, स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपचा, निळा प्रकाश चालू केला आणि मला पुढे बसवलं. मी लगेच फिटबद्दल, म्हणजे लेन्स नीट बसलीय का याबद्दल, बोलायला लागले, तर म्हणाल्या, "फिट नंतर. आधी दिसतंय काय ते सांग." मग मी सांगितलं: मधोमध काळा ठिपका, भोवती हिरवं साचलेलं, खालच्या कडेला हिरवा पट्टा जास्त रुंद. "आता त्यांना पापणी मिटायला सांग. लेन्स कुठे जाते? परत कुठे येते?" बाहेर पेशंटची रांग लागलेली, पण मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

हे पुस्तकातून येत नाही हो! चित्रातला हिरवा रंग आणि जिवंत डोळ्यावर अश्रूंबरोबर सरकणारा हिरवा रंग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं. आणि तेच माणूस आपल्याकडे हिशेबात धरायचं नाही, असं ठरलेलं दिसतंय.

संशोधन लागतंच, मान्य. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये कॉर्नियाला सूज येऊ नये म्हणून लेन्समधून किती ऑक्सिजन जायला हवा, दिवसा किती आणि रात्रभर घातली तर किती, हे मांडलं. जास्त ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स १९९९ मध्ये बाजारात आल्या, त्यामागे असंच काम होतं. मी स्वतः हे वर्गात शिकवते. पण ते प्रत्यक्ष डोळ्यावर वापरायला शिकवतं कोण? ओट्टो विख्टरले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जुळवून मऊ लेन्स बनवल्या, हे ऐकलं की मुलांचे चेहरे फुलतात. पण लेन्स तयार झाली म्हणून ती आपोआप डोळ्यात जात नाही. पेशंटची बोटं थरथरत असतात, पापणी घट्ट मिटते, आणि समोरचा विद्यार्थी पेशंटपेक्षा जास्त घाबरलेला असतो. त्या दोघांच्या मध्ये उभं राहणं हेही कामच आहे ना?

आणि हे काम चुकलं तर? नळाच्या पाण्याने लेन्स धुवायची नाही, लेन्स घालून पोहायचं नाही, केसमधल्या जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही. ऐकायला साध्या गोष्टी आहेत. अकँथामीबाने, पाण्यातल्या एका सूक्ष्म जिवाने, कॉर्निया खाल्लेला पेशंट ज्यांनी पाहिलाय, त्यांना विचारा साध्या आहेत का. विद्यार्थ्याने हे घाईघाईत, पाठ केल्यासारखं सांगितलं की पेशंट मान डोलावतो आणि घरी जाऊन हवं तेच करतो. पेशंटच्याच तोंडून परत वदवून घे, त्याला समोर हात धुवायला लाव, ही सवय शिक्षकच लावतो.

माझ्या मॅडमनी त्या दिवशी मला उत्तर दिलंच नाही. माझं वर्णन संपल्यावर डब्यातून जास्त स्टीप, म्हणजे जास्त वक्र, लेन्स काढली, बदलली, आणि एवढंच म्हणाल्या, "आता बघ." काळा ठिपका पुसट झाला होता. लेन्स कॉर्नियाच्या टोकावर टेकत होती म्हणून तिथे हिरवं नव्हतं, हे मला तेव्हा डोळ्यांनी कळलं. त्या क्षणापासून मला शिकवायचंच होतं.

मॅडम असिस्टंट प्रोफेसर म्हणूनच निवृत्त झाल्या. हे लिहितानाही गळा दाटून येतो.

अभ्यासक्रम मात्र फुगतोय. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स आली, रात्री घालून कॉर्नियाला आकार देणारी ऑर्थो-के आली, मुलांचा मायोपिया (लांबचं अंधुक दिसणं) आवरणाऱ्या लेन्स आल्या. सगळं शिकवायला हवंच. पण प्रॅक्टिकलचे तास तेवढेच आणि शिक्षकही तेवढेच. हुशार मुलं कंपन्यांत किंवा स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये जातात. तिथे पैसा जास्त आहे, त्यांना नावं ठेवत नाही मी. पण ज्याला मनापासून शिकवायचंय, त्यालाही आपण दारातूनच परत पाठवतो, याचा संताप होतो.

जी मुलं मला मेसेज करून विचारतात की शिकवायला येऊ का, त्यांना सांगते, या. पीएचडी करा, ती सुटणार नाही. आणि आयएकलचं (IACLE, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ कॉन्टॅक्ट लेन्स एज्युकेटर्स) बघा. कॉन्टॅक्ट लेन्स शिकवणाऱ्यांसाठीच १९७९ मध्ये सुरू झालेली संस्था आहे, तिचा तयार अभ्यासक्रम आहे, फेलोशिपची परीक्षा आहे. कंपन्यांचा पैसा आहे त्यात, ठाऊक आहे मला. तरी एकट्याने नोट्स काढत बसण्यापेक्षा ते साहित्य हाताशी असणं कितीतरी बरं.

माझ्या यादीत बढतीच्या समित्यांवर बसणारे बरेच जण आहात. निबंध मोजा, जरूर मोजा. पण पुढच्या वेळी मुलाखतीआधी त्या उमेदवाराच्या प्रॅक्टिकलला जाऊन एक तास मागे उभे राहा, आणि जे दिसेल त्याला गुण द्या.