इंग्लंडात कुणाचे अवयव न विचारता काढून घेत नाहीत

‘परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांनो, सावधान!’ असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा आला. त्यात ठासून सांगितलंय की इंग्लंडात नवा कायदा झालाय आणि मेलेल्या माणसाचे अवयव सरकार घरच्यांना न विचारता काढून घेतं. अवयव लवकर मिळावेत म्हणून भारतीय पेशंटला मुद्दाम ‘ब्रेनडेड’, म्हणजे मेंदू मेलेला, ठरवतात. आपलं रक्त मात्र तिकडे घाण समजून घेत नाहीत, आणि एकदा इंग्लंडात राहिलं की दुसऱ्या कुठल्या देशातही घेत नाहीत. इथे देहदानाचा फॉर्म भरला असेल तर परदेशात मेल्यावर देह थेट तिथल्या कॉलेजात जातो. आणि मुलगा परदेशात असेल तर इथे आईवडिलांचं नेत्रदान होतच नाही, कारण त्याची सही लागते.

एरवी असलं काही आलं की मी पुसून टाकतो. हे पुसून भागणार नाही, कारण मंगळवार पेठेतल्या माझ्या काकूंनी ते खरं मानलं. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, लेस्टरला नोकरी करतो. ‘आरं, माणूस जित्ता असतानाच काढून घेत्यात म्हणं, तू तुझं नाव काढ’ असं रोज रात्री फोनवर. शेवटी त्याने तिकडच्या नोंदणीत ‘मला अवयवदान करायचं नाही’ असं नोंदवून टाकलं. मी विचारलं तर म्हणाला, ‘आईला झोप लागेना, मग काय करू?’ विचार करून होकार दिलेला धडधाकट माणूस एका निनावी मेसेजपायी यादीतून गेला. याचा मला मनापासून राग आलाय.

आता मुद्द्यावर येऊ. कायदा बदललाय, हे खरं आहे. मेसेजमधली तेवढी अर्धी ओळ मान्य करावी लागेल. इंग्लंडात 20 मे 2020 पासून ‘गृहीत संमती’ची पद्धत आहे. एखाद्याने नकार नोंदवलेला नसेल तर त्याची हरकत नसावी असं धरतात. वेल्समध्ये हे 2015 पासून आहे. इंग्लंडचा कायदा मॅक्स आणि किरा यांच्या नावाने ओळखला जातो. 2017 साली अपघातात गेलेल्या नऊ वर्षांच्या किरा बॉलचं हृदय तिच्याच वयाच्या मॅक्स जॉन्सनला मिळालं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचं पहिलं वाक्य उचललं आणि पुढचं सगळं गाळलं. पुढे काय आहे? अठरा वर्षांखालच्यांना ही गृहीत संमती लागू नाही. इंग्लंडात राहून बारा महिने झाले नाहीत त्यांना नाही. फिरायला, पाहुणे म्हणून गेलेल्यांना नाही. म्हणजे नातवंडाच्या बारशाला चार-सहा महिने गेलेल्या आपल्या आईवडिलांना तर तो शिवतही नाही. आणि ज्यांना लागू आहे त्यांच्याही घरच्यांशी बोलल्याशिवाय काही होत नाही. त्यासाठी दवाखान्यात खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स असतात. त्या घरच्यांना विचारतात की यांचं काय मत होतं, कधी काही बोलले होते का, धर्मानुसार काही पाळायचं आहे का. घरच्यांचा ठाम विरोध असेल तर पुढे जात नाहीत.

आता त्यातला सगळ्यात विखारी दावा, मुद्दाम ब्रेनडेड ठरवण्याचा. हे लिहिणाऱ्याने ती तपासणी कशी होते हे कधी कुणा डॉक्टरला विचारलंय का? ब्रिटनमध्ये त्यासाठी दोन डॉक्टर लागतात. दोघांनाही नोंदणी होऊन पाच वर्षांहून जास्त झालेली हवीत, एक तरी कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, हवा, आणि अवयव बसवणाऱ्या टीमशी दोघांचाही संबंध चालत नाही. डोळ्यांवर टॉर्च मारून बाहुली आकसते का बघतात. बुबुळाला हलकेच स्पर्श करून पापणी हलते का बघतात. भुवईवर जोरात दाबतात. कानात बर्फासारखं गार पाणी सोडतात, कारण मेंदूचा खालचा भाग जिवंत असेल तर डोळे हलल्याशिवाय राहत नाहीत. घशात नळी घालून ठसका येतो का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करतात, ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देऊन छातीवर नजर ठेवतात. एक जरी श्वास आपला आपण घेतला तरी तो माणूस जिवंत. आणि हे सगळं एकदा नाही, दोनदा करतात.

आपल्याकडेही 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांची सही लागते आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर लागतं. कोल्हापूरचं अवयव वाटपाचं काम पुण्याच्या विभागीय केंद्रातून चालतं. कुठला अवयव कुणाला द्यायचा हे पेशंटला तपासणारा डॉक्टर ठरवत नाही, मग त्याने घाई करून मिळवायचं काय? शिवाय ब्रिटनमध्ये शंभर मृत्यूंमागे साधारण एकाच माणसाचे अवयव घेता येतील अशी परिस्थिती असते. बाकीच्यांनी कितीही इच्छा लिहून ठेवली तरी उपयोग होत नाही. आणि हा मेसेज सांगतो की भारतीय माणूस दवाखान्यात गेला की हे टपलेलेच!

ज्यांना वाचवायचा आव आणलाय, त्याच आपल्या लोकांचं यात नुकसान आहे. बी रक्तगट आपल्याकडे साधारण तीनातल्या एकाचा असतो, ब्रिटनमध्ये दहातल्या एकाचा. किडनीसाठी रक्तगट जुळावा लागतो, पेशींचा प्रकारही जुळावा लागतो, आणि तो आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून तिथे डायलिसिसवर असलेल्या दक्षिण आशियाई पेशंटना गोऱ्या पेशंटपेक्षा जास्त काळ वाट बघावी लागते. माझ्या भावाने नाव काढलं त्याने इंग्रज सरकारचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते लेस्टरमधल्याच कुठल्या तरी पटेलांचं, नाहीतर जाधवांचं.

रक्ताचं थोडक्यात सांगतो. आपलं रक्त घाण म्हणून नाकारतात, हे धादांत खोटं. प्रश्न मलेरियाचा असतो. भारतात वाढलेल्या माणसाची ब्रिटनमध्ये मलेरियाची वेगळी तपासणी करतात, आणि मलेरियाच्या भागातून सुट्टी काढून परतल्यावर साधारण चार महिने थांबवतात. अमेरिकेत मलेरियाच्या देशातून राहायला आलेल्याला तीन वर्षं थांबायचा नियम आहे. आपण इथे रक्तदान शिबिरात मलेरिया होऊन तीन महिने झाले नसतील तर परत पाठवतोच की. त्यात कुणी अपमान मानत नाही. इंग्लंडात राहिलेल्यांच्या बंदीत मात्र एकेकाळी तथ्य होतं. 1980 ते 1996 या काळात तिथे राहिलेल्यांचं रक्त ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया घेत नव्हते. दोघांनीही ती अट 2022 मध्ये काढली. मेसेज अजून तिथेच अडकलाय.

देहदानाच्या बाबतीत तर खरं नेमकं उलट आहे. इंग्लंडात लागू असलेल्या 2004 च्या कायद्याने देहदानासाठी त्या माणसाने स्वतः, जिवंतपणी, साक्षीदारासमोर लेखी संमती दिलेली लागते. मेल्यानंतर बायको किंवा मुलगासुद्धा ती देऊ शकत नाही. मग आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर कसबा बावड्यात डी. वाय. पाटीलला भरलेला फॉर्म बघून तिकडचं कॉलेज देह कसा नेईल? त्या फॉर्मला तिथे काही किंमत नाही. ज्याला खरंच तिथे देह द्यायचा आहे त्याने तिथल्या मेडिकल स्कूलचा फॉर्म वेगळा भरावा. आणि तरीही शवविच्छेदन झालं किंवा अवयव दिले असतील तर ते बहुधा नाही म्हणतात. फक्त डोळ्यांचं चालतं. ज्याला देह घरी आणायचा आहे त्याला तिथली मृत्यूनोंद, कॉरोनरची (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी, भारतीय उच्चायुक्तालयाचे कागद आणि देह टिकवण्याची प्रक्रिया एवढं करावं लागतं. दमवणारं आहे, खर्चाचं आहे, पण कुणी देह अडवून ठेवत नाही.

आता शेवटचा मुद्दा, मुलाच्या सहीचा. हा मला सगळ्यात जवळचा, कारण अशा समजुतीपायी आपल्याकडे डोळे वाया जाताना मी बघितलेत. आई जाते, मुलगा शिकागोत. तो येईपर्यंत देह बर्फात ठेवायचा ठरतो, आणि कुणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘त्याला येऊ दे, मग बघू डोळ्यांचं.’ तोवर सहा तास उलटून गेलेले असतात, आणि त्यानंतर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा, उपयोग नसतो. आपल्या त्याच 1994 च्या कायद्यात जवळच्या नातेवाइकांत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आईवडील, भाऊ, बहीण तर आहेतच, 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. घरात हजर असलेल्या वडिलांनी किंवा मुलीने सही केली तरी पुरते. परदेशातल्या मुलाला फोन करून त्याचं म्हणणं जरूर घ्या, तो आईचा मुलगा आहे. पण फोन नेत्रपेढीलाही लगेच करा. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डायबेटिस होता, तरी चालतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, घरीच होतं, चेहरा बिघडत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला तरी त्याला आईचं दर्शन नीट होतं, आणि त्याची सही तेव्हाही कुणी मागत नाही.