चष्मा राहू द्या, आयकप खाली करा

‘चष्मेवाल्या पक्षीमित्रांसाठी’ नावाचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात दोन आज्ञा आहेत: दुर्बीण चष्मा काढूनच लावा, नाहीतर नंबर वाढतो आणि चष्म्यावर ओरखडे पडतात; आणि नजर अधू असेल तर जास्तीत जास्त पॉवरची दुर्बीण घ्या. माझ्या आत्याने हे खरं मानलं आणि महिनाभर चष्मा काढून पक्षी शोधत राहिली. म्हणून लिहितोय.

चष्मा काढला, तर पक्षी आधी हेरायचा कशाने? परवा तळ्याकाठी वठलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. आत्याला तो दिसला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, दुर्बीण उचलली आणि फांदी शोधू लागली. तेवढ्यात खंड्याने सूर मारला, मासा आणला, फांदीवर आपटून गिळलाही. आत्या अजून फांदीच शोधत होती. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची असते, आणि मेसेज नेमकं तेच मोडायला सांगतो.

शिवाय आत्याला सिलिंडरचा नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा) आहे. फोकसचं चाक साधा मायनस-प्लस भरून काढतं, सिलिंडर नाही. कितीही फिरवलं तरी पिसांच्या कडा पुसटच राहतात. फक्त साधा नंबर असलेल्यांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसू शकतं, एवढं मान्य. तरी मायनस मोठा असेल तर काही दुर्बिणींचं चाक लांबच्या पक्ष्यावर फोकस व्हायच्या आतच अडतं.

आत्याचा विश्वास बसला त्यालाही कारण होतं. चष्म्यासकट पाहिलं की तिला कडेने काळं आणि मधे लहानसं गोल दिसायचं. दोष आयकपचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कड्यांचा होता, ते पूर्ण वर होते. भिंगापासून ठरावीक अंतरावर डोळा असला तरच पूर्ण चित्र दिसतं. त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा डोळ्याला मागे ठेवतो, म्हणून आयकप खाली करायचे आणि आय रिलीफ किमान १५ मिमी, शक्यतो १७-१८ मिमी असलेली दुर्बीण घ्यायची. छापील आकड्यातले काही मिमी आयकपच्या कडेतच जातात, म्हणून स्वतःचा चष्मा लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. मी आत्याचे आयकप फिरवून खाली बसवले. “अरे, सगळंच दिसतंय की!” म्हणाली.

चष्म्याने दुर्बीण वापरणं चूक असतं, तर झाइस या जर्मन कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ८×३० बी (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिमीचं) ही दुर्बीण काढलीच नसती. त्यातला ‘बी’ म्हणजे ‘ब्रिलेनट्रेगर’, जर्मनमध्ये चष्मा लावणारा.

नंबर दुर्बिणीने वाढत नाही. डोकं दुखत असेल तर डायऑप्टर (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारं चाक) नीट लावा, दोन्ही नळ्या समांतर आहेत का ते तपासून घ्या. ओरखड्यांचं म्हणणं अर्धं खरं: आयकप कडक प्लास्टिकचा किंवा धातूचा असेल, किंवा रबरावर वाळू बसली असेल, तर काचेवर चरे पडतात. रबरी आयकप घ्या आणि पुसत जा.

आणि जास्त पॉवर? एकाच मालिकेतल्या १०×४२ चा आय रिलीफ बहुधा ८×४२ पेक्षा कमी असतो, चित्र जास्त हलतं आणि दिसणारा परिसरही आक्रसतो. स्पॉटिंग स्कोपमध्येही (तिपाईवर लावायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीत) झूम वाढवला की बहुतेकदा आय रिलीफ घटतो. तिथे सुरुवात सगळ्यात कमी झूमने करा, पक्षी मधोमध आला की मगच वाढवा, आणि कडा काळ्या होऊ लागल्या की थांबा.