शाळेत घालतो, पाळणाघरात टाकतो

यंदा मे महिन्यात दोन्ही लेकरं घेऊन नागपूरला गेले होते. मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. त्रिमूर्तीनगरातल्या आईच्या घरी दुपारी कूलरसमोर चटया टाकून आम्ही सगळ्या आडव्या झालो होतो. बाहेर पारा 45 च्या वर. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ अकरा महिन्यांचं आहे. जूनपासून त्याला पाळणाघरात ठेवायचं ठरलंय, हे तिनं तिथेच सांगितलं आणि मावशी उठून बसली.

"काऊन गं? एवढ्याशा लेकराला पाळणाघरात टाकून राहिली तू? घरात दोन-दोन आज्या असताना?"

मी नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये राहते. रोज मराठी बोलते, तरी हा शब्द मला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आला. मुलाला आपण शाळेत घालतो, क्लासला लावतो, पाळणाघरात मात्र टाकतो. उकिरड्यावर टाकतो, वाऱ्यावर टाकतो, तेच क्रियापद. बहीण काही बोलली नाही. तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि आत निघून गेली.

मग संध्याकाळपर्यंत घरात तोच विषय. तिनं नोकरी सोडावी का? सासूबाईंना बोलवून घ्यावं का? आईचे गुडघे अजून किती वर्षं साथ देतील? प्रत्येकानं मत दिलं. बाळाचा बाप तिथेच सोफ्यावर बसला होता, आणि त्याला कोणी काहीच विचारलं नाही. मला बोलायचंय ते याबद्दल.

आधी माझ्याबद्दल जे दोन समज घरी आहेत ते सांगते, कारण दोन्ही अर्धे खरे आहेत. एक, "तुला काय, तिकडे सगळं सरकार करतं." दुसरा, "एकटीनं कसं काढलं गं, इथे कशी घरभर माणसं असतात."

सरकार करतं, हे खरं आहे. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची पगारी रजा असते. त्यातल्या 390 दिवसांना पगाराच्या जवळपास 80 टक्के मिळतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. उरलेल्या 90 दिवसांना अगदी थोडे. हे पैसे कंपनीच्या खिशातून जात नाहीत, सामाजिक विम्यातून येतात. मूल आजारी पडलं तर त्यासाठी वेगळी भरपाई. वर्षाचं झालं की बालवाडीत जागा, आणि फीला 2002 पासून कमाल मर्यादा.

पण मुलगी झाली तेव्हा नोव्हेंबर होता. दवाखान्यातून दोन दिवसांत घरी आलो. तिकडे त्या दिवसांत दुपारी तीन-साडेतीनला अंधार पडतो. आई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली होती, बॅगेत डिंक, अळीव, शेपा आणि खसखस घेऊन. ती होती तोवर मी दोन वेळा गरम जेवले. ती परत गेली त्या दिवसापासून मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करायला लागले. बाळाची झुलती खुर्ची दारात, पडदा अर्धा सरकवलेला, आणि तिला माझा चेहरा दिसत राहावा म्हणून मान बाहेर काढून मी गाणं म्हणायची. डोळ्यांत साबण जायचा. आवाज थांबला की ती रडायची. चार महिने मी अशीच आंघोळ केली. त्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत, माणसं सभ्य आहेत, आणि एकाही दारावर जाऊन "पाच मिनिटं धरता का हिला?" असं मी विचारलं नाही. तिथे तसं कोणी विचारत नाही.

तरीही एक गोष्ट तिथे झाली, जी इथे माझ्या बहिणीच्या वाट्याला आली नाही. मुलगी सात आठवड्यांची असताना बालआरोग्य केंद्रातल्या नर्सनं मला एक कागद दिला. दहा प्रश्न, सगळे माझ्याबद्दल. 1987 मध्ये एडिनबर्गमध्ये तयार झालेली ती प्रश्नावली आहे, बाळंतपणानंतरचं नैराश्य वेळेत ओळखण्यासाठी. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का? कारण नसताना स्वतःला दोष दिला का? मी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचले आणि पुढचं दिसेना. नर्सनं कागद बाजूला ठेवला, बाळ उचललं आणि मला रडू दिलं. बहिणीला मी विचारलं, तुला कोणी विचारलं का गं, तू कशी आहेस? ती म्हणाली, "मला? मला विचारतात दूध पुरून राहिलं का, वजन किती वाढलं, झोपतो का रात्री." हे सगळे प्रश्न बाळाचे आहेत, ते ज्या अंगावर पितं त्या अंगाची चौकशी त्यात नाही.

आणि घरभर माणसं? असतात. पण त्या 'माणसां'मध्ये कोण कोण येतं ते एकदा मोजावं असं मला वाटतं. एक माझी आई. वय 66, शाळेतून निवृत्त झालेली, सकाळी आठ ते संध्याकाळी सात रांगणाऱ्या मुलामागे. तिला विचारलं तर म्हणते, "नातवाचं कोणी नाही म्हणतं का?" रात्री गुडघ्याला बाम चोळताना मात्र म्हणाली, "गुरुवारचं भजन सुटलं माझं, वर्ष झालं." एवढंच, तक्रारीच्या सुरात नाही.

दुसरी मालीशवाली मावशी. सकाळी आठला येते. मोरीत पाटावर बसते, लुगडं गुडघ्यापर्यंत सारते, पाय लांब करून नळग्यांवर बाळाला पालथं घालते. तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत एका ओढीत येतो. मग तांब्यानं कोमट पाणी, कानावर तळहात आडवा धरून. मग निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. बाळ तिच्याकडेच सगळ्यात शांत असतं. तिची धाकटी पोरगी दोन वर्षांची आहे. तिला कोण बघतं, विचारलं तर म्हणाली, "मोठी हाये ना दहा वर्साची. शाळा बुडते थोडीशी." बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामाला लागलीस? "दीड मयन्यात निघाली मी कामाले. दुसऱ्या बाईनं घरं धरली असती ना माही."

2017 च्या दुरुस्तीनं भारतात बाळंतपणाची पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. हे मोठं पाऊल होतं आणि मी तिकडे ते अभिमानानं सांगते. पण तो कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागतो. पाच घरी मालीश करणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. पहिल्या मुलाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. एका बाळंतपणाची रजा त्यात निघते का, तिनंच सांगावं.

बहीण कायद्यात बसते. पन्नास किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असं कायदा म्हणतो. तिच्या कंपनीनं एका पाळणाघराशी करार केला आहे, ते ऑफिसपासून नऊ किलोमीटरवर. चारदा जाऊन दाखवावं कोणी. आणि 26 आठवड्यांचा पगार कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेबाहेरच्या नोकरीत पूर्ण मालकानंच द्यायचा असतो, त्यामुळे नुकतं लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत काय काय विचारतात ते नागपुरातल्या कोणत्याही नोकरीवाल्या मुलीला विचारा.

आपल्याला हिरकणीची गोष्ट फार आवडते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ, ती कडा उतरून गेली. एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना तिचंच नाव दिलंय, तेही छान आहे. मला मात्र आई झाल्यापासून ती गोष्ट ऐकली की पोटात कालवतं. ती पाय घसरून पडली असती तर?

आता सोफ्यावर बसलेल्या बापाकडे येते. माझ्या बहिणीचा नवरा चांगला माणूस आहे, हे मनापासून सांगते. पण बाळ रडलं की तो त्याला उचलतो आणि स्वयंपाकघरात घेऊन जातो. "हा रडून राहिला बघ." त्याला बाळाचं रडणं वाचता येत नाही, कारण त्याच्याबरोबर तो एकटा कधी राहिलाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये पितृत्व रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं, पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल असं. त्याचा कायदा झाला नाही.

स्वीडनचे पुरुष जन्मतः वेगळे नाहीत. रजा 1974 पासूनच आईबाप दोघांना खुली होती, पण वीस वर्षं ती जवळजवळ बायकाच घेत राहिल्या. मग 1995 मध्ये एक महिना असा ठेवला की दोघांपैकी एकानं नाही घेतला तर तो बुडतो. 2002 मध्ये दोन महिने झाले, 2016 मध्ये तीन. आज रजेचे सुमारे 30 टक्के दिवस बाप घेतात. तिथेही अर्धे नाहीतच.

माझा नवरा मुलगी अकरा महिन्यांची असताना सहा महिने घरी राहिला. पहिल्या सोमवारी त्यानं मला ऑफिसात अकरा फोन केले. तिसऱ्या आठवड्यात फोन बंद झाले. दोन महिन्यांनी एका रात्री मुलगी तापानं फणफणलेली उठली आणि "बाबा" म्हणून रडली. मी हात पुढे केले होते, तिनं मान फिरवली. मला लागलं ते. आणि त्याच क्षणी, कितीतरी महिन्यांनी, मी कूस बदलून परत झोपू शकले. इकडे सासूबाई नातेवाइकांना सांगत होत्या, तो घरून काम करतो आहे. मुलगा बाळ सांभाळायला घरी बसलाय हे सांगायला त्यांना वर्ष लागलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडेही त्याला शब्द नव्हता.

गंमत वाटेल, पण 1 जुलै 2024 पासून स्वीडननं आईबापांना आपले काही पगारी दिवस आजीआजोबांना किंवा इतरांना देण्याची मुभा दिली, प्रत्येकी 45 पर्यंत. आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "आजीला पगार?" ती तीन महिन्यांच्या व्हिसावर येते, तिला त्याचा उपयोग नाही. पण पुढे दोन दिवस ती ते प्रत्येकाला सांगत होती, शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, मावशीला तर दोनदा.

निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर मी बहिणीच्या नवऱ्याशी बोलले. पाळणाघरात पहिला आठवडा बाळाबरोबर आईबापांपैकी कोणीतरी बसावं, रोज थोडा थोडा वेळ कमी करत जावं, आमच्याकडे तसंच करतात, आणि मोठीच्या वेळी तिचा बाबा बसला होता, असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी बसतो. पाच दिवसांची रजा टाकतो.

परवा त्यानं अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. मी फोनवर म्हटलं, "अरे, बाळाला पाळणाघरात रुळवायचंय, असं सरळ लिही ना."

तो म्हणाला, "ताई, तसं लिहिलं तर विचारतील, घरी बायको नाही का?"