पेन्शनवाल्या सरांवर राग काढून काय होणार?

गेले काही दिवस शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चघळला जातोय. निवृत्त झालेले सर-बाई पुन्हा शिकवायला येतात, पेन्शन चालू, वर मानधनही चालू, मग बीएड होऊन घरी बसलेल्या पोरांनी काय करायचं? एकाने तर "दोन्ही हातांनी ओरपतायत" इथपर्यंत मजल मारली.

पेन्शन म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. सुप्रीम कोर्टाने डी. एस. नाकारा यांच्या पेन्शनच्या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी हे स्वच्छ सांगून ठेवलंय. ज्या बाईंनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आडगावात एकाच खोलीत चार वर्ग सांभाळत उभा जन्म काढला, त्यांच्या पेन्शनवर बोट ठेवायचा अधिकार कुणालाच नाही.

पण पुनर्नियुक्तीचा हिशेब वेगळा, आणि तो ग्रुपवर कुणी मांडत नाही. केंद्राचा 2020 चा नियम बघा. निवृत्ताला कंत्राटावर घेतलं तर शेवटच्या मूळ पगारातून पेन्शन वजा करायची, उरेल ते मानधन. वार्षिक वाढ नाही, महागाई भत्ता नाही. जुन्या पेन्शन योजनेत पेन्शन मूळ पगाराच्या निम्मी. पेन्शन तर तशीही द्यायचीच असते, म्हणजे मुरलेला शिक्षक निम्म्या मूळ पगारात पडला! एकदा ही सवय लागली की भरतीची जाहिरात काढायची घाई कोण करणार?

आमच्या स्टाफरूममध्ये लेक्चर बेसिसवर एक मुलगी आहे. घेतलेल्या तासांची नोंद ती एका छोट्या डायरीत ठेवते, कारण पैसे तासावर. चतुर्थी जवळ आली की आम्ही माटोळीच्या (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) सामानाच्या गप्पा मारतो, ती किती तास बुडणार ते मोजते. पेन्शन राहू द्या, तिला मे महिन्याचा पगारही नाही. शेजारच्या खुर्चीवर दहावीच्या गणितासाठी परत बोलावलेले सर. दोघांचं छान जमतं. सर तिला पेपर तपासायच्या खुब्या सांगतात, ती त्यांची ऑनलाइन हजेरी भरून देते. (सरांना पासवर्ड आठवत नाही, हा रोजचा कार्यक्रम.) भांडण लावतोय तो आमचा ग्रुप.

माझं म्हणणं एवढंच. कुणी बाळंतपणाच्या 180 दिवसांच्या रजेवर गेली, कुणी आजारी पडलं, वर्षाच्या मध्येच जागा रिकामी झाली, तर निवृत्तांना जरूर बोलवा, मानाने बोलवा. पण कायमची जागा त्यांच्यावर वर्षानुवर्षं ढकलत नेऊ नका. गोव्यात शिक्षक साठीला निवृत्त होतो. ती तारीख तो रुजू होतो त्याच दिवशी कळलेली असते. तरी जूनमध्ये शाळा उघडली की "अरे, गणिताला कोणी नाही!" म्हणून धावाधाव. शिक्षण हक्क कायद्याचं 26 वं कलम म्हणतं, शाळेत मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत. हा कायदा 2009 चा आहे, कालपरवाचा नव्हे.

तेव्हा सरांना टोमणे मारण्यापेक्षा माहिती अधिकारात अर्ज टाकूया. पुढच्या दोन वर्षांत आपल्या तालुक्यात किती शिक्षक साठी गाठणार आणि त्या जागांची जाहिरात कधी निघणार, हे दोनच प्रश्न. मसुदा मी करून देतो. सही करायला कोण कोण तयार आहे, ते खाली कमेंटमध्ये लिहा.