झिरवाळांची उडी आणि ‘काढून घेतलेलं’ आरक्षण

‘झिरवाळांनी मंत्रालयात उडी मारली आणि सरकारनं धनगरांचं एसटी (अनुसूचित जमाती) आरक्षण काढून घेतलं’, असा मजकूर फिरतोय. उडी खरी आहे. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष, दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उतरले; सोबत आणखी काही आदिवासी लोकप्रतिनिधी. पण काढून घ्यायला ते आरक्षण होतंच कुठे? धनगर समाजाला राज्यात भटक्या जमाती-क मधून ३.५ टक्के आरक्षण आहे, त्याला हात लागलेला नाही. झिरवाळांची मागणी होती एसटीत धनगरांचा समावेश नको आणि पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातली भरती मार्गी लावा, एवढीच. शिवाय एसटीच्या यादीत राज्य सरकार परस्पर बदल करूच शकत नाही. राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे त्याला संसदेचा कायदा लागतो.