तास मोजू नका, बस्तान किती वेळा हलतं ते मोजा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "मुलांना घेऊन थीम पार्कला चाललोय, ट्रेननं जाऊ की विमानानं?" लगेच पटापट उत्तरं येतात. कुणी तिकिटाचे भाव सांगतं, कुणी म्हणतं विमान तासाभरात पोचवतं, विचार कसला करताय. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मला ही दोन्ही मापं चुकीची वाटतात. मी एकच गोष्ट मोजते. घराच्या दारापासून पार्कच्या फाटकापर्यंत अख्ख्या कुटुंबाला बस्तान किती वेळा हलवावं लागतं?

एकटा माणूस उठला की चालू लागतो. कुटुंब उठतं तेव्हा झोपलेलं पोर उचलायचं असतं, सांडलेले खडू गोळा करायचे असतात, आजीला आधी पाय मोकळे करू द्यायचे असतात, आणि कुणाचं तरी जाकीट सीटवर राहिलंय का ते दोनदा वाकून बघायचं असतं. हे एकदा होणं ठीक आहे. सात-आठ वेळा झालं की मोठी माणसं एकमेकांवर चिडायला लागतात आणि मुलं रडायला. मग पार्कच्या दारात पोचतं ते दमलेलं, वैतागलेलं घर.

विमानाच्या त्या 'तासाभरा'त बस्तान किती वेळा हलतं बघा. घरून गाडी. विमानतळावर बॅगांची रांग. मग सिक्युरिटी. मग गेट. गेटवरून कधी कधी बस. मग विमान. उतरल्यावर पुन्हा बस किंवा लांबलचक चाल, बॅगांचा पट्टा, आणि तिथून पार्कपर्यंत आणखी एक वाहन. यातली सिक्युरिटी मला सगळ्यात जड जाते. बाबागाडीत पोर नुकतंच डोळे मिटून पडलेलं असतं. तपासणीच्या तोंडाशी गाडी घडी करून पट्ट्यावर ठेवा म्हणतात. पोराला उचलावं लागतं, ते जागं होतं. एका हातात ते, दुसऱ्या हातानं बाबागाडीचा खटका दाबायचा, आणि मागचे लोक ट्रे सरकवत असतात. पलीकडे गेल्यावर गाडी परत उघडायची, पण आता पोर काही केल्या तिच्यात बसत नाही. विमानाच्या वेळापत्रकात ही दहा मिनिटं कुठेच नसतात, पण पुढचे चार तास तीच ठरवतात.

म्हणून विमानच नको, असं माझं म्हणणं नाही. सगळं पार्क कुठे आणि कशाच्या भरवशावर बांधलंय त्यावर आहे. हा भाग फार कमी लोक बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिस्नीलँड पॅरिसचं उदाहरण घ्या. मार्च १९८७मध्ये फ्रेंच सरकार आणि डिस्नी यांचा करार झाला, तेव्हाच पॅरिसची आरईआर ए ही लोकल लाइन थेट पार्कपर्यंत वाढवायचं ठरलं होतं. १९९२च्या एप्रिलमध्ये पार्क उघडलं ते स्टेशनासकट. १९९४मध्ये तिथेच टीजीव्हीचं, म्हणजे जलदगती रेल्वेचं स्टेशन सुरू झालं. मार्न-ला-व्हॅले शेसी हे त्याचं नाव. गाडीतून उतरून वर आलात की पार्कचं फाटक चालत दोन-चार मिनिटांवर. टॅक्सी नाही, शटल नाही. शहराच्या मध्यातून लोकलनं यायला चाळीसेक मिनिटं लागतात. अशा ठिकाणी, रेल्वेच्या पल्ल्यात राहणाऱ्या कुटुंबानं विमानाचा विचार का करावा, मला खरंच कळत नाही. आणि लांबून विमानानं येणाऱ्यांनाही पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या खालूनच टीजीव्ही मिळते, ती साधारण दहा मिनिटांत पार्कच्या स्टेशनावर सोडते. फक्त ती दर पाच मिनिटांनी नसते, तेव्हा तिची वेळ बघूनच विमानाचं तिकीट काढावं.

आता याच्या अगदी उलट, अमेरिकेत फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड. नोव्हेंबर १९६३मध्ये वॉल्ट डिस्नी विमानातून तिथल्या ऑरलँडो शहरावरून फिरले आणि खाली दोन मोठे महामार्ग एकमेकांना मिळताना पाहून त्यांनी ही जागा पसंत केली. म्हणजे ते पार्क जन्मापासूनच मोटारींसाठीचं. १९७१मध्ये उघडलं तेव्हापासून आत मोनोरेल धावते, पण बाहेरून रेल्वे दारापर्यंत येत नाही. २०२३च्या सप्टेंबरपासून मायामीहून ब्राइटलाइन या खासगी कंपनीची रेल्वेगाडी ऑरलँडोला येते, साडेतीन तासांच्या आसपास घेते, आणि थांबते कुठे, तर विमानतळावर. तिथून पार्क तीसेक किलोमीटर, म्हणजे पुढे मोटार आलीच. रेल्वेवर माझं कितीही प्रेम असलं तरी तिथे लांबून जाणाऱ्या कुटुंबाला मी विमानच सांगेन, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

जपानमध्ये तर रेल्वेची सोय आणि गैरसोय, दोन्ही बाजू एका सहलीत दिसतात. टोकियो डिस्नीलँड १९८३चं. त्याच्याशेजारचं माइहामा स्टेशन १९८८मध्ये सुरू झालं, टोकियो स्टेशनावरून केइयो लाइननं पंधराएक मिनिटं. ओसाकातल्या युनिव्हर्सल स्टुडिओज या पार्कलाही युनिव्हर्सल सिटी नावाचं स्वतःचं स्टेशन आहे. टोकियो आणि ओसाका यांमधलं अंतर नोझोमी ही शिन्कान्सेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेन, अडीच तासांत तोडते. विमान हवेत तासभरच असतं, पण दोन्हीकडे विमानतळ गाठायचा आणि सोडायचा वेळ धरला की हातात काही उरत नाही. शिवाय नोझोमी काही काही मिनिटांनी सुटतात, त्यामुळे एक चुकली तर सहल कोलमडत नाही. सहा वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर मोफत जातात, फक्त त्यांना वेगळी राखीव सीट नको असेल तर. दोन गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर या गाडीत तिच्यासाठीची जागा आधी राखून ठेवावी लागते, २०२०पासून. आणि टोकियो स्टेशनात केइयो लाइनचे फलाट बाकीच्या फलाटांपासून फार लांब आहेत. सरकते पट्टे आहेत, तरी लहान पावलांना ती चाल पंधरा-वीस मिनिटं पुरते. नकाशावर ती 'गाडी बदला' एवढीच दिसते.

गाडी बदलणं म्हणजे रेल्वेची दुखरी नस, आणि इथे रेल्वेप्रेमी मंडळी सोयीस्कर गप्प बसतात. लंडनहून डिस्नीलँड पॅरिसला जाणारी थेट युरोस्टार होती, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणारी जलद रेल्वे. मुलं सकाळी चढायची आणि थेट पार्कच्या दारात उतरायची. १९९६पासून चालू असलेली ती सेवा २०२३च्या जूनमध्ये बंद झाली. आता उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात गाडी बदलायची किंवा पॅरिसला उतरून शहर ओलांडायचं. यात मी निःसंशय लील निवडेन, कारण तिथे एकाच स्टेशनात बदल होतो, पुढे पार्कपर्यंत तासाभराचा प्रवास. पॅरिसमध्ये बॅगा आणि मुलं घेऊन गर्दीच्या लोकलचे जिने चढणं-उतरणं वेगळंच काम आहे. थेट गाडी गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुटुंबांसाठी इतकी नेमकी सेवा फार कमी ठिकाणी होती.

तरीही युरोस्टारमध्ये विमानावर मात करणाऱ्या गोष्टी आहेतच. पासपोर्ट आणि बॅगांची तपासणी तिथेही होते, पण कित्येक विमानतळांवर असतो तसा १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव आत न नेण्याचा नियम नाही. मुलांची पाण्याची बाटली भरलेलीच आत जाते. सामानाचं वजन कुणी काट्यावर घालत नाही. आणि एकदा बसलात की टेबलाभोवती समोरासमोर चौघं. मुलांना उठून चालता येतं, सीटबेल्टचा दिवा नाही, खिडकीतून काहीतरी पळताना दिसतं. माझ्या मुलांना पार्कइतकंच ते टेबल आठवतं, त्यावर पसरलेला पार्कचा नकाशा आणि 'आधी कुठल्या राइडला' यावरचं भांडण.

कानांचंही सांगायला हवं, कारण ते तिकीट काढताना कुणाच्या मनात नसतं. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. उतरताना दाब वाढत जातो आणि कानाच्या आतली बारीक नळी तो सांभाळते. लहान मुलांची ती नळी अरुंद असते, त्यात सर्दी असली तर हाल. विमान उतरायला लागलं की घोट घोट काही पाजणं, मोठ्या मुलांना चघळायला देणं एवढं करावं. पोराला सणसणीत सर्दी आहे आणि दोन्ही पर्याय हातात आहेत, तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

आजी-आजोबांच्या बाबतीत मात्र विमानतळ पुष्कळदा उजवा ठरतो. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली की दारापासून सीटपर्यंत माणूस बरोबर असतो, रांगेतून सुटका होते. रेल्वेतही मदत मिळते, पण बदलाच्या स्टेशनावर ती वेळेत येईल ना, ही धाकधूक राहते. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल आणि दोन गाड्या बदलायच्या असतील तर मी रेल्वेचा हट्ट धरणार नाही.

पैशांचं थोडक्यात. विमानाचं तिकीट स्वस्त दिसतं ते एका माणसाचं आणि रिकाम्या हाताचं. दोन वर्षांची झाली की मुलांना स्वतंत्र सीट लागते. मग प्रत्येकाची बॅग, शेजारी बसायचे पैसे, दोन्हीकडची विमानतळाची गाडी. हे सगळं एका कागदावर मांडून मगच रेल्वेच्या भाड्याशेजारी ठेवा. भलत्याच वेळी सुटणारं विमान घेऊन एक रात्र जादा हॉटेलात काढावी लागत असेल तर तोही त्याच कागदावर.

आणि उशीर. युरोपात विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. रेल्वे तासाभरानं उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांनी पोचली तर निम्मं भाडं. पण बहुतेक मोठ्या पार्कची तिकिटं आता तारखेची असतात, आणि हुकलेली सकाळ कुणी भरून देत नाही. पार्क उघडल्यावरचा पहिला तास म्हणजे सगळ्यात लहान रांगा. आमचं विमान एकदा ऐनवेळी दुपारवर ढकललं गेलं होतं, तेव्हा पोचेपर्यंत लोकप्रिय राइडच्या रांगा दीड-दोन तासांवर गेल्या होत्या. तेव्हापासून मी पोचायचा दिवस आणि पार्कचा पहिला दिवस एक ठेवत नाही, वाहन कुठलंही असो. पुढे दुसरी गाडी पकडायची असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर घेते, म्हणजे पहिलीला उशीर झाला तर पुढची सोय करणं त्यांच्या गळ्यात.

माझा ढोबळ हिशोब असा. पार्कच्या दारापर्यंत रेल्वे जाते, एकूण प्रवास पाच-सहा तासांच्या आत आहे आणि गाडी फार तर एकदाच बदलायची आहे, तर डोळे झाकून रेल्वे. दोनपेक्षा जास्त बदल किंवा शेवटी मोटार लागणारच असेल तर विमान. मधल्या ठिकाणी मुलांची वयं बघून ठरवावं. बाबागाडीतल्या पोरासाठी रेल्वे बरी, दहा-बारा वर्षांच्यांना विमानही चालतं. प्रदूषणाच्या बाबतीत तर कमी पल्ल्याला रेल्वे कितीतरी पटीनं बरी. फ्रान्सनं २०२३मध्ये अडीच तासांत रेल्वे पोचवते अशा मोजक्या देशांतर्गत मार्गांवरची विमानं कायद्यानं बंद केली, ते मला योग्यच वाटतं.

परतीचं तिकीट काढताना मात्र जातानाचंच उत्तर आंधळेपणानं पुन्हा लिहू नका. शेवटच्या दिवशी विमान गाठायचं तर दोन-तीन तास आधी विमानतळावर, म्हणजे दुपारचं विमान असेल तर पार्कचा तो दिवस गेलाच. स्टेशन दाराशी असेल तर बॅगा हॉटेलात किंवा स्टेशनावर ठेवून दुपारपर्यंत मनसोक्त हिंडता येतं, आणि गाडी सुटायच्या तासभर आधी निघालं तरी पुरतं. जाताना विमान आणि येताना रेल्वे असं एकेरी-एकेरी काढायला काहीच हरकत नाही. मुलं परतीच्या गाडीत चढल्या चढल्या आडवी होतात, तेव्हा समोरासमोरच्या सीट आणि मधलं टेबल मिळेल अशाच जागा निवडा, आणि त्या तिकीट काढतानाच निवडा, कारण त्याच सगळ्यात आधी संपतात.